गजकर्ण जाता जात नाही : ट्यूब, काढा की स्किनचा डॉक्टर?

केळीबाग (रावेर)
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ केळीच्या कामात आहे. घड कापणं, खांद्यावर वाहणं, ठिबकच्या नळ्या बघणं, म्हणजे दिवसभर अंग घामानं नाहीतर पाण्यानं ओलं. मागच्या उन्हाळ्यात त्याला जांघेत गजकर्ण उठलं. आता कमरेला पट्ट्याच्या रेषेत, पाठीवर आणि काखेतही आहे. गोल चट्टे, कडा लाल आणि उंच, मध्ये बरं झाल्यासारखं दिसतं. रात्री खाजेनं झोप नाही. मेडिकलवरून ट्यूब आणतो, दोन दिवसांत खाज थांबते, ट्यूब सोडली की पुन्हा सुरू, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठं. आता वहिनीच्या दंडावरही एक चट्टा आलाय आणि पाच वर्षांच्या पुतणीच्या गालावर पांढुरका डाग दिसतोय.

घरात तीन मतं आहेत. आई म्हणते रक्त बिघडलंय, शेजारच्या गावात एक जण पुड्या देतो त्या आणू. काका म्हणतात होमिओपॅथी, उशीर लागतो पण मुळापासून जातं. मी म्हणतो जळगावला स्किनच्या डॉक्टरकडे जाऊ. भाऊ म्हणतो कापणीचे दिवस आहेत, खाजेसाठी रोज कोण बुडवतो?

तुमच्याकडे कुणाचं पूर्ण बरं झालंय का? कशानं? आणि माझा खरा प्रश्न हा की या वेगवेगळ्या उपचारांची तुलना आपल्यासारख्या माणसानं करायची कशी? कशावरून ठरवायचं?

शिरपूरकर
आधी ती ट्यूब बंद करा. बाकी सगळं नंतर.

मेडिकलवाले_नाना (अमळनेर)
शिरपूरकर बरोबर बोलले, पण का ते सांगतो. काउंटरच्या मागे माझं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक येतं, खिशातून चेपलेली ट्यूब काढतं आणि म्हणतं, "नाना, हीच द्या, लई भारी आहे." मी ट्यूब उलटी करून वाचून दाखवतो. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं अँटिबायोटिक आणि शेवटी स्टेरॉइड. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं की समजायचं यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते ती त्याच्यामुळे.

2018 साली सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नियम आहे. पाळला जातो का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यामुळे काही गिऱ्हाईक तुटलं, तुटू दे.

केळीबाग, भावाच्या ट्यूबवर मागच्या बाजूला काय लिहिलंय ते इथे उतरवा.

केळीबाग
नाना, बघितलं. चार नावं आहेत, त्यात क्लोबेटासोल आहे.

डॉक्टर_ताई (जळगाव)
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करत नाही, पण वर्णन वाचून बुरशीचा संसर्ग, म्हणजे गजकर्णच, वाटतोय. सविस्तर लिहिते, कारण ओपीडीत रोज हेच समजावते.

गजकर्णाची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या थरातल्या केराटिनवर जगते. केराटिन म्हणजे ज्यापासून कातडी, केस, नखं बनतात ते द्रव्य. आपलं शरीर बुरशीशी लढतं, त्या लढाईतून लाली आणि खाज येते. स्टेरॉइड ही लढाईच थांबवतं. खाज गेली, लाली गेली, माणूस खूश. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं, ती पसरत राहते. मलम सोडलं की शरीर पुन्हा जागं होतं आणि आता चट्टा दुप्पट असतो. जास्त दिवस लावलं तर चट्ट्याचं रूपही बदलतं, कडा पुसट होतात, वर्तुळात वर्तुळ दिसतं आणि डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. जांघेत आणि काखेत कातडी पातळ होऊन जांभळट भेगांसारखे पट्टे पडतात. ते पट्टे आयुष्यभर राहतात. भावाला असे पट्टे आहेत का बघा.

दुसरं, ही बुरशीही आता पूर्वीची राहिलेली नाही. भारतात गेल्या काही वर्षांत जी जात पसरली तिला 2020 साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन नावाची गोळी एके काळी हमखास चालायची, या जातीवर ती बऱ्याचदा चालत नाही. म्हणून "शेजाऱ्याला या गोळीनं गुण आला, मलाही तीच द्या" हे आता उपयोगाचं नाही. इट्राकोनाझोल बहुतेकदा लागतं, तेही आठवडे नव्हे, महिना-दोन महिने, कधी जास्त.

पांझरा_काठ (धुळे)
डॉक्टरताई, एक शंका. माझ्या मुलाच्या कोपराच्या आत एक्झिमा होता, त्याला डॉक्टरांनीच स्टेरॉइडचं मलम दिलं आणि तो छान बरा झाला. मग स्टेरॉइड वाईट कसं? इथे सगळे त्याच्यावर तुटून पडलेत.

डॉक्टर_ताई
फार चांगला प्रश्न, आणि केळीबाग यांच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. एक्झिमात शरीर स्वतःच विनाकारण पेटलेलं असतं. तिथे स्टेरॉइड योग्य औषध, योग्य ताकदीचं, ठरलेले दिवस. सोरायसिसमध्येही लावायला देतो. गजकर्णात तेच मलम बुरशीला खतपाणी. म्हणून "कोणतं औषध चांगलं" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न "हा आजार कोणता". लाल, खाजरा, सोलवटणारा चट्टा किमान दहा-बारा आजारांत दिसतो.

आणि ओळखायची चाचणी स्वस्त आहे. चट्ट्याच्या कडेची पापुद्री खरवडून काचेवर घ्यायची, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशीचे धागे दिसतात. दुखत नाही, त्याच बैठकीत उत्तर मिळतं. चाचणीच्या आधी काही दिवस मलम लावलेलं नसलं तर बरं.

पारोळ्याचा_शेतकरी
दहा-बारा आजारांवरून सांगतो. माझ्या वडिलांना दर वर्षी चेहऱ्यावर, पापण्यांवर, गळ्याला शर्टाच्या उघड्या भागात लाल व्हायचं, कातडी जाड आणि काळी पडायची. कोण म्हणे गजकर्ण, कोण म्हणे उन्हाचं, कोण म्हणे फवारणीचं. बुरशीची औषधं किती खाल्ली. शेवटी धुळ्याला एका डॉक्टरांनी पाठीवर चिकटपट्ट्या लावून पॅच टेस्ट केली आणि कारण निघालं गाजर गवत. बांधावर, रस्त्याकडेला, सगळीकडे. तोडलं नाही तरी वाळल्यावर त्याचे कण हवेत उडतात आणि तेवढ्यानंही होतं.

आता वडील ते गवत उपटायला जात नाहीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला गमछा, घरी आलं की लगेच आंघोळ. औषधही चालू आहे, पण अर्धा फरक कारण कळल्यामुळे पडला.

शिरपूरकर
गाजर गवतावरून आठवलं, आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बिब्बा. गुडघा दुखला लाव बिब्बा, भेग पडली लाव बिब्बा. माझ्या मावशीनं पाठदुखीवर लावला, पाठ भाजल्यासारखी झाली, फोड, पाणी, नंतर काळे डाग. ज्यांना बिब्बा उततो त्यांनी काजूच्या कच्च्या बियांपासून आणि आंब्याच्या चिकापासूनही जपावं म्हणतात, खरं का?

डॉक्टर_ताई
खरं. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले. चिकातले घटक मिळतेजुळते.

मोठीमाय (साक्री)
नातू टाईप करी राह्यना, मी सांगी राह्यनू. आमच्या टाइमाला नागीण झाली का गेरू लावत आणि गावातला बाबा मंत्र टाके. तोंड-शेपूट मिळालं का माणूस मरे, असं म्हणत. मन्हा सासऱ्याला झाली होती, मंत्रानं बरी झाली. तुम्ही सगळे डाक्टर डाक्टर करता, पण मंत्रानं बरं झालेलं मी मन्हा डोळ्यानं पाहिलंय.

डॉक्टर_ताई
मोठीमाय, नमस्कार. तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, तुमचे सासरे बरे झालेच असणार. नागीण आपोआप दोन-तीन आठवड्यांत सुकते, गेरू लावा, मंत्र म्हणा किंवा काहीच करू नका. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत झोपलेला असतो, वय झालं किंवा ताकद कमी झाली की त्याच नसेच्या वाटेनं वर येतो. नस शरीराच्या एकाच बाजूला जाते म्हणून पट्टा एकाच बाजूला. दोन्ही टोकं मिळाली की माणूस दगावतो, हे खरं नाही.

मग औषध कशाला? कारण फोड गेल्यावरही त्या जागी महिनोन्‌महिने, कधी वर्षंही, आग आणि सणका राहतात. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत असायक्लोविरसारखी गोळी सुरू केली तर आजाराचा जोर आणि दिवस कमी होतात. नागीण कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं, नजर जाऊ शकते. मंत्र म्हणायचा असेल तर म्हणा, पण गोळी घेऊन म्हणा.

मोठीमाय (साक्री)
सासऱ्याची छाती नंतर किती दिवस जळे, हे बी खरं शे. सदरा बी सहन होत नव्हता. आते समजलं कसाले ते.

पुण्यातला_खान्देशी
मोठीमायच्या प्रतिसादानं मला केळीबाग यांच्या प्रश्नाकडे परत नेलं. "अमक्यानं बरं झालं" यावरून तुलना होत नाही, कारण काही आजार मुळातच आपोआप जातात आणि काही आपोआप कमी-जास्त होतात. माझ्या मेव्हण्याला सोरायसिस आहे. थंडीत वाढतो, उन्हाळ्यात उतरतो. त्यानं होळीच्या सुमाराला कुठलंही औषध सुरू केलं की त्याला गुण येतो! मार्चमध्ये सुरू केलेलं होमिओपॅथीचं औषध त्याला वर्षभर रामबाण वाटलं. डिसेंबरात पुन्हा खवले.

मी आता घरात कुणालाही उपचार करणाऱ्याला हेच विचारायला लावतो : या आजाराचं नाव काय, ते कशावरून ठरवलं, औषधात नेमकं काय आहे, किती दिवसांत काय दिसायला हवं, आणि नाही दिसलं तर पुढे काय. जो माणूस औषधाचं नावच सांगत नाही, त्याच्याकडचं औषध घ्यायचं नाही, मग तो कोणत्याही पॅथीचा असो. ॲलोपॅथीवालेही काही जण चिठ्ठीवर न लिहिता आपल्याच डब्यातल्या गोळ्या कागदात बांधून देतात. त्यांनाही हाच नियम.

वैद्य_गिरणाकाठ (भडगाव)
मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. इथे काही गोष्टींशी मी सहमत आहे, काहींशी नाही.

सहमत यावर की बिनालेबलाच्या पुड्या घेऊ नयेत. "रक्त शुद्ध करतो" असं सांगून पुड्या विकणारा आणि वैद्य यात फरक करा. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भुकटी मिसळलेली मी पाहिली आहे, पेशंटचा चेहरा सुजून गोल होतो, साखर वाढते, लोक म्हणतात "तब्येत सुधारली". कोडासाठी बावची दिली जाते, ती फार जुनी आणि गुणाची वनस्पती आहे, पण लावून उन्हात बसलं तर फोड येतात. तिच्यातलं सोरालेन आधुनिक डॉक्टरही प्रकाशउपचारात वापरत आले आहेत. वैद्याच्या देखरेखीशिवाय ती वापरू नये.

असहमत यावर की आयुर्वेद म्हणजे उशीर, असं लोक सर्रास म्हणतात. आहार, घाम, कपडे, पचन, झोप हे आम्ही विचारतो. कोरड्या खाजेवर साध्या तेलाच्या अभ्यंगानंही फार आराम पडतो. पसरलेल्या गजकर्णाला मात्र मी स्वतः आधी खरवडून चाचणी करायला पाठवतो.

डॉक्टर_ताई
वैद्यराज, तेलाच्या मुद्द्यावर थोडं. कोरड्या एक्झिमाला, म्हातारपणाच्या खाजेला तेल उत्तम, मी पण सांगते. पण जांघेतल्या गजकर्णावर तेल लावून लंगोट घट्ट बांधला की बुरशीला ओल आणि उब दोन्ही मिळते. बाकी तुमच्या प्रतिसादाशी मनापासून सहमत. चाचणीला पाठवता हे वाचून बरं वाटलं.

भुसावळ_यार्ड
एक विचारतो, वांग्याचं काय? आमच्या घरी कुणालाही खाज सुटली की आधी भरीत बंद!

शिरपूरकर
खान्देशात भरीत बंद करा सांगणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना चालायचा नाही 😄

डॉक्टर_ताई
भरीत खा, कळण्याच्या भाकरीबरोबर खा. गजकर्णाच्या बुरशीला वांग्याशी काही देणंघेणं नाही. एखाद्याला वांगं खाल्ल्यावर लगेच तोंडात खाज किंवा अंगावर गांधी उठत असतील तर त्या माणसानं टाळावं. तसंच दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं कोड होतं हेही खरं नाही. कोड संसर्गानं पसरत नाही, शिवल्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते, त्यातून ते होतं. नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशउपचारानं बऱ्याच जणांचा रंग परत येतो, चेहऱ्यावर लवकर, बोटांच्या टोकांवर उशिरा किंवा नाहीच.

भुसावळ_यार्ड
सोरायसिसचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. आमच्या यार्डातल्या एका सहकाऱ्याला मिथोट्रेक्सेट दिलं होतं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. घरी गेल्यावर त्यानं रोज घ्यायला सुरुवात केली. तोंड पूर्ण आलं, रक्तातल्या पेशी घसरल्या, आयसीयूत होता. वाचला. ही गोळी कुणाच्या घरात असेल तर पाकिटावर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मेडिकलवाले_नाना (अमळनेर)
भुसावळभाऊ, शंभर टक्के. मी पाकिटावर "फक्त सोमवार" असं स्केचपेननं लिहूनच देतो, घरच्या दुसऱ्या माणसालाही सांगतो.

सातपुड्याची_लेक (धडगाव)
मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे गजकर्णापेक्षा खरूज जास्त. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, रात्री मुली खाजवून उठतात. पूर्वी ज्या मुलीला झालं तिलाच औषध द्यायचे. ती बरी व्हायची, शेजारच्या गादीवरून पुन्हा यायची. मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं की हा किडा आहे, एवढा बारीक की दिसत नाही, कातडीत बीळ करून राहतो. परमेथ्रिनचं मलम सगळ्या वसतिगृहाला एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, खाज असो नसो. सकाळी आंघोळ, आठवड्यानं पुन्हा एकदा. चादरी-कपडे गरम पाण्यात आणि कडक उन्हात. जे धुता येत नाही ते पिशवीत तोंड बांधून काही दिवस बाजूला, माणसाच्या अंगाशिवाय किडा दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. किडा मेल्यावरही काही आठवडे खाज राहते, तेव्हा "औषध लागू पडलं नाही" म्हणून पुन्हा पुन्हा मलम चोपडायचं नाही.

अजून एक, विषयाला थोडं सोडून. आमच्या भागात मुलांचे हातपाय दुखतात, डोळे पिवळे होतात, तेव्हा लोक वात म्हणतात, कावीळ उतरवायला नेतात. त्यातली कितीतरी मुलं सिकलसेलची असतात, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची. भिल्ल, पावरा समाजात हा आजार आहे. रक्ताची साधी चाचणी आहे. 2023 च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम सुरू आहे, चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला त्रास नसूनही आजाराचा दोष अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी तपासून घ्या, एवढंच माझं सगळ्या पालकांना कळकळीचं सांगणं असतं. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधानं दुखण्याचे झटके कमी होतात, मुलं शाळेत राहतात.

पांझरा_काठ (धुळे)
ताई, फार मोलाचं लिहिलंत. माझ्याही मनात एक आहे. आमच्या काकांच्या मांडीवर फिकट चट्टा आहे. खाज नाही, दुखत नाही, म्हणून ते लक्ष देत नाहीत. परवा विडीचा निखारा पडला तर त्यांना कळलंही नाही. शिबं असेल का?

डॉक्टर_ताई
पांझराकाठ, थांबू नका. शिबं बहुधा छातीवर, पाठीवर, गळ्यावर बारीक कोंड्यासह येतात आणि तिथे स्पर्श कळतो. ज्या चट्ट्यावर निखाऱ्याचा चटका कळत नाही, तिथे कुष्ठरोगाची तपासणी झालीच पाहिजे. खाज नाही, दुखत नाही, हेच त्याचं लक्षण असतं.

घाबरण्यासारखं काही नाही. औषध आहे, पूर्ण बरा होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुविध औषधोपचाराची पाकिटं मोफत मिळतात, चट्टे कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत माणसाकडून संसर्ग पसरायचा थांबतो. उशीर केला तर मात्र नस जाते, बोटं वाकतात, पावलाला जखमा होतात, आणि गेलेली नस गोळ्यांनी परत येत नाही. 2005 च्या शेवटी देशानं कुष्ठरोग "सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न" म्हणून संपल्याचं जाहीर केलं, त्याचा अर्थ लोकांनी रोगच संपला असा घेतला. तो संपलेला नाही. गावातल्या आशाताईंना सांगा, त्या पाठवतील.

पांझरा_काठ (धुळे)
उद्याच नेतो. आशाताई आमच्याच गल्लीत राहतात.

केळीबाग
मंडळी, सगळे प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवले. आई मोठीमायचा प्रतिसाद ऐकून एकदम गप्प झाली, मग म्हणाली चला जळगावला. सरकारी दवाखान्याच्या त्वचा विभागात गेलो. केसपेपरला रांग होती, पण डॉक्टरांनी नीट पाहिलं. भावाची खरवडून चाचणी केली, बुरशी निघाली. जांघेत पट्टे आहेत, ते राहणार म्हणाले. भाऊ ते ऐकून फार नाराज झाला, मला पण वाईट वाटलं.

पुतणीच्या गालावरचा डाग मात्र गजकर्ण नाही! तिची चाचणी कोरी आली. कोरड्या कातडीचा लहान मुलांत होणारा डाग आहे, साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हापासून जपा, काही महिन्यांत रंग येईल म्हणाले. लोक म्हणतात तसे जंत नाहीत, कॅल्शियमची कमी नाही. आणि वहिनी तिच्या गालावर भावाचीच ट्यूब लावत होती. ती लगेच बंद.

मेडिकलवाले_नाना (अमळनेर)
लेकराच्या गालावर क्लोबेटासोल! बरं झालं गेलात. भावाच्या गोळ्यांचं काय सांगितलं?

केळीबाग
इट्राकोनाझोल, जेवणानंतर. आधी रक्ताची लिव्हरची तपासणी केली. लावायला साधं बुरशीचं मलम. चट्टे दिसेनासे झाल्यावरही औषध सोडायचं नाही.

मेडिकलवाले_नाना (अमळनेर)
कॅप्सूल भरल्या पोटीच, नाहीतर नीट शोषली जात नाही. ॲसिडिटीची गोळी बरोबर घेऊ नका. कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि मलम नुसतं कडेवर नाही, कडेच्या बाहेर दोन बोटं निरोगी कातडीवरही लावायचं, बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते.

पारोळ्याचा_शेतकरी
कामाचं बोलतो. भावाला जीन्स घालून बागेत जाऊ देऊ नका. सैल सुती पँट, आतले कपडे रोज बदललेले, दुपारी भिजले तर दुसरे. टॉवेल वेगळा. कपडे उलटे करून उन्हात वाळवायचे, आपल्याकडे 45 अंशाचं ऊन फुकट आहे, त्याचा उपयोग करा. शिवणीवर इस्त्री फिरवा. कमरेचा करदोडा ओला राहतो, तो काही दिवस काढून ठेवायला सांगा.

केळीबाग
करदोड्याचं डॉक्टरांनीही सांगितलं. आई आधी तयार नव्हती, मग स्वतःच कात्री आणली.

एक राहिलंच. वहिनीच्या दंडावर गजकर्णच आहे, पण धाकटं बाळ अंगावर पितं. गर्दीत ती हे सांगायला लाजली. तिलाही त्याच गोळ्या लिहून दिल्यात. सुरू करायच्या का?

डॉक्टर_ताई
नाही, थांबा. बाळ अंगावर पीत असताना या गोळ्या आम्ही सहसा टाळतो. एकच चट्टा आहे तर लावायच्या मलमावर भागण्याची चांगली शक्यता आहे, क्लोट्रिमाझोल किंवा डॉक्टर सांगतील ते, पण छातीपासून दूर, आणि लावल्यावर हात धुऊन मगच बाळाला घ्यायचं. परत जाऊन "बाळ पितं" एवढं केसपेपरवर लिहून घ्या म्हणजे पुढचा डॉक्टरही बघेल. वहिनींना लाज वाटत असेल तर ओपीडीतल्या सिस्टरला आधी सांगू द्या. बाळाच्या अंगावर, विशेषतः डोक्यात केस गळालेली जागा किंवा कोंड्यासारखं काही दिसतंय का, तेही दाखवून या.

केळीबाग
सोमवारी भावाच्या कॅप्सूल संपायच्या आत जायचंच आहे, तेव्हा वहिनी आणि बाळ दोघांना घेऊन जातो. गोळ्यांचं पाकीट आत्ताच वर ठेवून दिलं.